कापसाचा बोळा

—नाही गं, असा नाही थापायचा फेस, भिंतीला चुना लावतेयस का? गोल गोल फिरव, केस उभे राहिले पाहिजेत. राहू दे, आण तो ब्रश इकडे, आजच्या दिवस मी करते, तू नुसती बघ. उद्यापासून तुझ्याच गळ्यात पडणार आहे हे काम. आणि या बाजूला येऊन उभी राहा, त्या कानानं मला ऐकू येत नाही. मघापासून काहीतरी विचारतेयस आणि मी आपली ढिम्म! काय म्हणालीस? दाढी रोजच? रोज. मुलानं तुला सांगितलं असेलच — वडिलांना दोन झटके आले, पहिल्यात उजवं अंग गेलं, दुसऱ्यात डावं अंग आणि वाचा — पण दाढी एक दिवस चुकायची नाही. चुकलेली नाहीच. सत्तावीस वर्षं मी करतेय. हो, हातीपायी धडधाकट होते तेव्हापासून मीच. हसू येतंय ना? शेजारणींनाही यायचं — नवऱ्याची दाढी बायको करते, काय बाई प्रेम! बरं, ते जाऊ दे, पाणी निवेल.

पाणी असं मनगटावर घेऊन बघायचं. चटका बसता कामा नये आणि नुसतं कोमटही चालत नाही. टॉवेल बुडवायचा, पिळायचा, गालांवर ठेवायचा, मनात शंभर मोजायचे. शंभर म्हणजे शंभर, ऐंशीला उचलला की केस कडक राहतात. तोवर वस्तरा पट्ट्यावर लावून घ्यायचा — तो काय, खिडकीपाशी खिळ्याला लटकतोय चामड्याचा — दहा वेळा वर, दहा वेळा खाली, मनगट सैल. कडेला चिरलाय होय, दिसला का तुला? जुनं झालं चामडं. म्हणजे — जुनं झालं म्हणून नव्हे. पलंगाच्या लोखंडावर बसला एकदा. मी बाजूला सरकले ना, म्हणून. सरकायचं नसतं, सरकलं की पट्टा खराब होतो आणि मग त्याचे फटके वेगळे. अगं, तोंड का असं करतेस? जुनी गोष्ट आहे. शंभर झाले, टॉवेल काढ.

आता हे बघ, डाव्या हातानं कातडी ताणायची. ताणल्याशिवाय वस्तरा टेकवायचाच नाही. आधी केस ज्या बाजूला वाढतात त्या बाजूनं, गालावर वरून खाली. मानेवर मात्र यांचे केस आडवे जातात, डावीकडून उजवीकडे, आणि या हनुवटीखाली भोवरा आहे, दिसतोय? मला अंधारातही सापडेल. दाबायचं नाही, वस्तऱ्याच्या वजनानं कापलं जातं. एक पट्टी झाली की पुसायचा, मग दुसरी. असं पूर्ण झालं की पुन्हा फेस, पुन्हा सगळं, आणि या वेळी उलट — खालून वर. तेव्हा कुठे गुळगुळीत होते. हे शाळेत कवायतीचे मास्तर. चारशे पोरं रांगेत उभी करायची, नखं बघायची, बटणं बघायची, एखाद्याचा कान पिळला तर तो आठवडाभर लाल. आणि स्वतःचा गाल आरशासारखा. तेव्हा स्वतःच करायचे दाढी. पण घाई फार, पाणी गार, मग मानेवर पुरळ उठायचं, आणि पुरळ उठलं की आग आग व्हायची, आणि आग झाली की — मी समोर असायचेच. मी स्वयंपाकघरातून आधी मान बघायची. चेहरा नाही, मान. मान लाल दिसली की मुलाला शेजारी पाठवून द्यायचे, दूध आण, वही आण, काहीही आण.

मग मी शिकले! कुठे काय, कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे. दुपारी दुकान रिकामं असायचं. म्हटलं, दादा, आमच्या यांच्या कातडीला सोसत नाही, गुळगुळीत तर हवी आणि पुरळ तर नको, शिकवाल का? त्यानं माझ्या डोळ्याकडे बघितलं — सुजलेला होता — आणि एक शब्द विचारला नाही. भला माणूस. फुगा फुगवला, त्याला फेस लावला आणि वस्तरा माझ्या हातात दिला. म्हणाला, वहिनी, फुगा न फोडता फेस काढा. अकरा फुगे फोडले मी. मुलाच्या वाढदिवसाचे उरले होते, सगळे संपवले. बारावा राहिला. तो घरी घेऊन आले, दोन दिवस कपाटात लपवला होता, काय आनंद झाला होता म्हणून सांगू! आणि न्हाव्यानं एकच गोष्ट बजावली होती — वहिनी, काहीही करा, कोरड्यावर उलटा वस्तरा मारू नका. फेस नसताना खालून वर गेलात की कातडी सोलवटते. रक्त येत नाही, दिसत नाही, पण तासाभरानं असं पेटतं की माणूस स्वतःला ओरबाडून काढतो.

तो कापसाचा बोळा दे. हा डब्यातला. वापरायचा नाही गं, ही परीक्षा. दाढी झाली की हे बोळा घ्यायचे आणि गालावरून, मानेवरून फिरवायचे. सावकाश, माझ्याकडे बघत. एक धागा अडकला की दाढी राहिली. धागा अडकू नये म्हणून जास्त खरवडलं की पुरळ. म्हणजे दोन्हीकडून मार. मी जीव मुठीत धरून त्या बोळ्याकडे बघत असायची. पण सांगते, हात बसल्यावर वर्षात चार-पाचदाच अडकायचा. एवढी चांगली करते मी दाढी.

एकदा मात्र चुकले. साबण संपला होता, शाळेत कोणी मोठे पाहुणे येणार होते, मी जीव खाऊन उरकलं आणि मानेवर शेवटचा हात कोरड्यावरच मारला, खालून वर. बोळा अगदी छान फिरला. हे हसलेसुद्धा. बारा वाजता घरी आले ते मान ओरबाडत. चारशे पोरांसमोर, पाहुण्यांसमोर खाजवत उभं राहावं लागलं म्हणे. मी भाजी चिरत होते. वळलेसुद्धा नव्हते. हा कान तेव्हाचा. मुलगा दारात उभा होता, आठ वर्षांचा, त्याला सांगितलं आई न्हाणीत घसरली. तो आजही तेच सांगतो. विचारून बघ, न्हाणीतच म्हणेल.

अगं, रडू नकोस, त्या बादलीत टॉवेल बुडव. दुसरा फेस लावतेय.

दारामागे माझी पिशवी आहे, बघितलीस ना. अकराची गाडी. थोरल्या बहिणीकडे चाललेय आठ दिवसांसाठी, मुलाला तसं सांगितलंय. येणार नाही मी परत. हे बोलायचं नव्हतं मला, पण बोलले. आणि बोललेच आहे तर दुसरंही ऐक, नाहीतर तुझं पाप लागेल मला. डॉक्टर म्हणाले होते, उजवा हात परत येऊ शकतो, रोज सकाळ-संध्याकाळ व्यायाम द्या, मुठीत चेंडू द्या. मी देते म्हणून सांगितलं. एक दिवस दिला नाही. चेंडू त्या कपाटात आहे, कोरा करकरीत. तरी आला हात! आठ दिवसांपूर्वी दाढी करताना चादर हलली. आधी बोट, मग मूठ. परवा माझी बाही धरली. मी कुणाला बोलले नाही. सांगितलं असतं तर मुलगा पेढे — छे, आनंदानं वेडा झाला असता, माणसं लावली असती, आणि यांना सहा महिन्यांत उभं केलं असतं. मग मी कुठे जाणार? म्हणून गप्प बसले आणि तुला बोलावून घेतलं. तुझ्यासारखी काडीएवढी पोर. रात्रभर झोपले नाही त्या विचारानं, तरी बोलावलं. आता तूच बघ, डोळे बघ यांचे. डोळ्यांना कधी झटका आला नाही.

आता मान. उलटं घ्यायचंय, इथे श्वाससुद्धा — थांब. तू हललीस? पलंग कोणी हलवला?

अहो. हात सोडा. अहो, वस्तरा आहे माझ्या हातात, तुमच्याच गळ्यावर आहे, हात सोडा. — ओरडू नकोस पोरी, अजिबात ओरडू नकोस, तिथेच उभी राहा. बघ, नीट बघ, मनगट कसं पिळतात ते. तेच मनगट, तोच पीळ. आठ महिने लुळी पडली होती, तरी बोटं विसरली नाहीत! अहो, ऐकताय का — सोड. ऐकलंस ना? सोड म्हणते. पुन्हा नाही सांगणार.

सोडलास. शहाणा आहेस.

मी बरी आहे. मनगट काय, सुजेल, त्याला सवय आहे. तू आता बाहेर जा आणि मुलाला फोन लाव. सांग, बाईमाणूस नको या कामाला, दोन धट्टेकट्टे पुरुष ठेव. हात परत आलाय म्हणावं. हो, आईनं लपवला होता तेही सांग. कान न्हाणीत गेला नव्हता तेही सांग, त्याला ठाऊक आहे, पण सांग. तू मात्र उद्यापासून येऊ नकोस, आली नाहीस तरी कोणी तुला बोलणार नाही. माझी गाडी मला मिळेल, मला पाचच मिनिटं लागतील.

जाताना ते पाण्याचं भांडं उचल. नाही, ओतू नकोस, ने बाहेर. ब्रश ने, साबण ने, तुरटीही ने. टॉवेल दे फक्त, मानेवरचा फेस पुसून घेते. सगळा. असा, कोरडा ठणठणीत.

कापूस तेवढा राहू दे. आणि दार ओढून घे.