सुजलेला अंगठा

न्हाय न्हाय, म्हशीनं पाय न्हाय दिला — अंगठाच हाय, आपसूक सुजलाय, बघा की, वांग्यासारखा. दुखतोय म्हंजे? सदऱ्याचं बटन लावाय येत न्हाय, बायको लावती. ती काय, त्या खिडकीम्होरं रांगेत उभी हाय, हिरव्या लुगड्याची, केसपेपर काढाय गेलीया. अंजना. तुमी कुठलं म्हटलासा? गारगोटीचं? मग काय हरकत न्हाय. आमी कळंब्याच्या पलीकडचं, तुमची आमची गाठ परत कवा पडतीया. मागच्या वक्ताला डॉक्टरांनी इचारलं, काय काम करता? म्हटलं, म्हशी हायत. तर डॉक्टरच म्हणालं, धारा काढून झालंय हे, अंगठा मुडपून पिळता ना? — मी मान हलीवली. तर त्या बाबानं शिकाऊ डॉक्टरांची पलटण बोलावली, माझा हात वर धरला आन म्हणतोय, बघा, ह्याला म्हणत्यात कष्टाचा अंगठा! पोरी वाकून वाकून बघाय लागल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं, पावणं. कारण कष्टाचा न्हाय ओ ह्यो. गेमचा हाय.

हसा, हसा. मीबी हसतोय. पोरगी दहावी पास झाली, प्रीती, तिला टीव्हीला जोडायचा गेम आणला. तेच्यात एक खार हाय — झाडावरची खार, पर पायात बूट. ती पळती. पळती म्हंजे थांबतच न्हाय, कारण मागनं जमीन ढासळत येती. थांबली की गेली खाली. म्होरं खड्डा, खड्ड्यावर डुलणारी फळी, फळीवर काटं — आन आपल्या हातात काय? एक बटन. उडी. बास. पोरीनं म्हटलं, बाबा, एकदा खेळून बघा. मी म्हटलं, ह्या वयात? — आन संध्याकाळी डेअरीचं दूध चुकलं.

काय हाय तेच्यात? बायकोनं इचारलं असतं तर सांगाय आलं नसतं, तुमाला सांगतो. मिसरूड फुटायच्या आदीपास्नं मी म्हशीच्या मागनं चालतोय. म्हशीला घाई चालत न्हाय. रस्त्यात उभी ऱ्हायली की मागं एसटी बोंबलू दे, न्हायतर कलेक्टरची गाडी येऊ दे, ती आपली रवंथ करणार. धारेला घाई केलीसा की पान्हा चोरती. मग आपणबी तसंच होतोय ओ! चालणं तसं, बोलणं तसं, अंगानं तर बघताय तुमी — मेव्हण्याच्या पोराच्या बारशात खुर्ची मोडली माझ्याखाली, जेवणं थांबली, सगळा मांडव बघाय लागला. गटार ओलांडायचं तर मी फळी हुडकतो. आन तिथं? तिथं मी खार हाय! फळी निसटाय लागलीया, आता पडणार, आता पडणार — आन उडी! जत्रंतला पाळणा वरनं खाली येताना पोटात कसं होतंय, तस्सं. इचार केला की मेला. डोकं मागनं पोचतंय, अंगठा आदी. आन मेलो तरी काय, परत उभी ऱ्हाती, बूट झाडती, पळाय लागती. कोण म्हणत न्हाय, अवो, काय केलासा हे. नादखुळा काम हाय.

मग सुजला अंगठा. सुजणारच की! सकाळी धार निघंना. अंजना म्हणाली, किती वरसं पिळतासा, थकला असंल हात, मी काढती. मी म्हटलं, बरं. एवढंच म्हटलं बघा, बरं. खोटं कुठं बोललो? तिनंच इचारलं, तिनंच उत्तर दिलं. तवापास्नं दोन्ही वक्ताच्या धारा तीच काढतीया. कबनूरला तिच्या भावाची वास्तुशांत झाली, सख्ख्या भावाची — न्हाय गेली. म्हशी कुणावर टाकू, तुमचा हात असा, म्हणाली. आन ती गोठ्यात गेली की मी... न्हाय, डाव्या हातानं ओ. उजवा दुखतोय न्हवं. डाव्या अंगठ्यानं उडी मारतो, आवाज बंद करून. पोरीला ठावं हाय. ती एवढंच म्हणाली, बाबा, तुमास्नी लाज न्हाय, पर हात चांगला हाय.

बोललो जरा जास्तच. तुमी असं बघू नका. आज सांगणार हाय मी तिला — म्हंजे डॉक्टर काय म्हणत्यात बघून. सूज उतरली तर सांगायचं कशाला, आपली मी सुरू करतो की धार. आन तिलाबी बरं वाटतंय, शेजारणीला सांगती, आमच्या मालकांनी लई कष्ट काढल्यात. तेवढं तिचं समाधान कशाला... गप्प, गप्प. आली. गेमचं काढू नका, पाया पडतो.

काय गं, लई गर्दी? बस की. हे गारगोटीचं पावणं. म्हशीचंच बोलत हुतो. — दोन कागद कसं? माझा एक, ह्यो कुणाचा? तुझं नाव हाय हेच्यावर. काय झालंय तुला? पदरातनं हात काढ. काढ म्हंतो ना — अंजे! दोन्ही? दोन्ही अंगठं? कवापास्नं? आन बोलली का न्हाईस?

काय? माझा बरा झाल्यावर सांगणार हुतीस?

पावणं, जरा पलीकडं सरका. तिला बसू द्या.