डोळ्यांदेखत पिळलेलं दूध

(कोल्हापुरातल्या गंगावेशीतला दूधकट्टा, १९५३ सालातली एक सकाळ. आकाराम गवळी म्हशीची धार काढायला बसलाय. समोर नृसिंह मास्तर आणि त्यांची थोरली विधवा बहीण कालिंदी.)

नृसिंह : थांब. धार काढायच्या आधी पेल्याच्या तळाला बोट फिरव.

आकाराम : आत्ताच इसळलाय की, मास्तर.

नृसिंह : मग फिरव. आणि ते बोट चाट.

आकाराम : आक्का, तुमीच सांगा की ह्यास्नी.

कालिंदी : नृसिंहा, लोकं बघायलीत. तुझ्या शाळेतली पोरं पण येत्यात इथं.

नृसिंह : बघू देत. आकाराम, तिच्याकडं कशाला बघतोस? माझ्याकडं बघ. घरचं दूध कडू लागायला लागलं म्हणून मी महिनाभर इथं येतोय. डोळ्यांदेखत पिळलेलं तरी खरं असेल म्हणून. चार दिवस झाले, हेही कडू लागतंय. म्हैससुद्धा आमच्या भावाला, तात्याला सामील झाली का?

आकाराम : म्हशीला नावं ठेवायची न्हाईत. सरकी खाती ती, निवडून.

नृसिंह : मग चाट बोट.

आकाराम : न्हाय जमायचं. आक्का, चार दिस पेल्यात टाकली, आता ही तुमची पुडी घ्या माघारी. दुधात पाणी घालतो म्हणून लोक मला आधीच बोलत्यात, तेवढं पुरं हाय. औषीद घालायचं आपलं काम न्हवं.

नृसिंह : कसली पुडी?

कालिंदी : आकाराम, तू जरा पलीकडच्या म्हशीकडं बघ जा.

नृसिंह : आक्का, कसली पुडी?

कालिंदी : सर्पगंधेची. वैद्यांनी दिलीय. झोप लागती, डोकं शांत ऱ्हातं.

नृसिंह : म्हणजे घरच्या दुधातही...

कालिंदी : व्हय. मीच टाकत होते.

नृसिंह : तात्यानं सांगितलं?

कालिंदी : तात्याला ह्यातलं काही ठाऊक न्हाई. त्यानं गाडी ठरवलीय. सोमवारी तुला वेड्यांच्या इस्पितळात न्यायचं म्हणतोय. त्याच्या आधी तू नीट जेवावंस, झोपावंस, म्हणजे त्याचं तोंड बंद होईल, एवढीच माझी धडपड.

नृसिंह : मी तुला अंबाबाईची शपथ घालून विचारलं होतं. तू म्हणालीस, दोष तुझ्या जिभेचा.

कालिंदी : म्हणाले.

नृसिंह : तेव्हापासून रोज आरशात जीभ बघतोय मी. साऱ्या कोल्हापुरात मला एकट्यालाच कडू लागतंय, म्हणजे आपण खरंच कामातनं गेलो, असं वाटायचं. रडायचो मी, आक्का.

कालिंदी : सांगून दिली असती तर घेतली असतीस?

नृसिंह : नाही.

कालिंदी : मग मी करायचं काय? माझा नवरा गेला तेव्हा तात्या नको म्हणत होता, तरी तू मला शिरोळहून घेऊन आलास. आता तुला त्या गाडीत बसवायला हातभार लावू? भ्याले मी, नृसिंहा. म्हणून खोटं बोलले.

नृसिंह : माझ्या खोलीला बाहेरनं कडी घालतात, ते तरी खरं का?

कालिंदी : ते पण खरं. तात्या घालतो.

नृसिंह : आणि भिंतीपलीकडं माणसं बसून माझ्या मनातलं ऐकतात, ते?

कालिंदी : ते न्हाई. तेवढं खरंच न्हाई. पलीकडं नबीलालची वखार हाय, तिला सहा महिने कुलूप हाय.

नृसिंह : हे मी आता कशावरनं खरं मानू?

कालिंदी : आज मानू नको. उद्या परत विचार, परवा परत विचार. मी हेच सांगीन.

नृसिंह : आणि सोमवारी?

कालिंदी : सोमवारी गाडी आली तर तात्याला आधी मला तीत बसवावं लागंल. ही पुडी तुझ्या खिशात ठेव. घ्यायची का न्हाई, ते तू ठरव. मी विचारणार पण न्हाई.

नृसिंह : विचार. रोज विचार. पण मला विचार, आक्का.