कडू वरण

बाभुळगावहून निघालेली एसटी यवतमाळच्या वाटेला लागली, तसं अनघाच्या मागच्या सीटवरचं म्हातारं जोडपं बोलू लागलं.

“गुडघे दाखवाले यवतमाळ कायले? डॉक्टर तर गावातबी हाय.”

“त्याचा गुण येत नाही मले.”

“कौसल्ये, दिवाळीपासून वरण कडू लागते.”

“मेथी जास्त पडत असन.”

“दारू सोडवाची पुडी हाय ते. पेणाऱ्याले न सांगता द्या, असं स्टँडच्या भिंतीवर लिवलं हाय. वाचता येते मले.”



“मंग खाल्लं काहून?”

“म्हटलं, लागू पडन. मुद्दाम दोन-दोन डाव वाढून घेतलं. नाही सुटली.”

“बोंडअळीनं कापूस गेला म्हणून तुमी पेता, असं सांगतलं म्या लोकायले.”

“अळी आत्ता आली. मी कधीचा पेतो.”

अनघानं मागं वळून पाहिलं नाही.

“सरकारी दवाखान्यात वार्ड हाय म्हणते, दारू सोडवाचा. पण गावचं कोणी भेटलं त? म्हणून माह्ये गुडघे सांगतले साऱ्यायले.”

“दवाखान्याची चिठ्ठी माह्या नावानं काढजो, उकंडा म्हणून.”

“अन् कोणी इचारलं त?”

“उकंडा दारू सोडाले आला, असंच सांगजो.”