नोटीस वाचली होती

त्या वर्गातून येणारा आवाज अजून माझ्या कानात आहे. सर इंग्रजीची एक ओळ म्हणायचे आणि मागून सगळी पोरं तीच ओळ म्हणायची. छावणीजवळच्या त्या कॉलेजात मी शिपाई होतो. दाराशी स्टुलावर बसून ऐकायचो. शेंद्रा गावाहून येणाऱ्या कमलचा आवाज सगळ्यांत स्वच्छ.

परीक्षेच्या फॉर्मची नोटीस मीच फळ्यावर डकवली. इंग्रजीत होती. कमलनं ती तिथंच उभी राहून घडाघडा वाचली. मला वाटलं, पोरगी हुशार आहे, झालं हिचं काम.

मुदत संपल्यावर चार दिवसांनी ती ऑफिसात विचारायला आली, "फॉर्म कधी मिळणार?"

कारकून म्हणाला, "भरून गेले सगळ्यांचे. वर्ष गेलं तुझं."

तेवढ्यात सर आले, हातात हजेरीपट.

"नोटीस वाचत नाय का तुम्ही?"

"वाचली, सर."

"वाच बरं परत."

तिनं वाचली. कुठं अडखळली नाही.

"मग? काय लिहिलंय त्यात?"

"अर्थ तुम्ही अजून सांगितला नाही, सर."

सर हसले. "ही पोरं कॉलेजात येतात तरी कशाला?"

इतक्या वर्षांत मी त्यांना 'जी, सर' याशिवाय काही बोललो नव्हतो. त्या दिवशी मी म्हणालो, "हसू नका, सर. दोन वर्षं तुम्ही हिला नुसतं म्हणायला लावलं. लई ऐकलंय मी दारातून. आता तरी अर्थ सांगा तिला."

सरांनी हजेरीपट काखेत मारला आणि ते निघून गेले.