पाणी गार आहे, मासा खाली बसलाय

आणि वर मलाच विचारतात, "भाऊजी, एवढ्या थंडीत धरणावर एकटे कशाला जाऊन बसता?" घ्या! मी काय हौसेनं एकटा बसतो का हो? तुम्ही येत नाही म्हणून मी एकटा, मी एकटा म्हणून तुम्हाला काळजी, आणि काळजी कशी, तर फोनवरून! पांघरुणातून!

थांबा, नीट सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा आल्या आल्या भांडायलाच लागला. आम्ही तिघं. मी, माझा मेहुणा, आणि दातांचा डॉक्टर. दर रविवारी गळ घेऊन धरणावर. गेटवर वॉचमनकडून पास घ्यायचा, आत जायचं आणि तिघांनी तीन दिशांना बसायचं. हो, तीन दिशांना! गळ टाकणाऱ्या माणसाचा एक धर्म असतो. बायकोला पगार सांगावा, डॉक्टरला दुखणं सांगावं, पण मासा कुठे लागतो ते सख्ख्या मेहुण्यालासुद्धा सांगू नये. दुपारी डबा खायला एकत्र यायचं. "काही लागलं?" "छे! तुला?" "छे!" आणि तिघांच्याही पिशव्या फडफडतायत! पण कुणी खाली बघायचं नाही. डॉक्टर तर पिशवी मांडीखाली दाबून जेवायचा, मासा हलला की डॉक्टरही हलायचा, आणि आम्ही आपले आकाशाकडे बघत, "ढग आलेत नाही?" काय दिवस होते, तुम्हाला सांगतो…

आता थंडीची गोष्ट वेगळी. पाणी गारठलं की मासा तळाशी जातो आणि तिथून ढिम्म हलत नाही. दिवसभर गळाच्या दोरीचं बूच पाण्यावर नुसतं डुलत राहतं. म्हणून थंडीत कुणीही विचारलं की एकच उत्तर. पाणी गार आहे, मासा खाली बसलाय.

तर आमची ही गेली ती ऐन थंडीत. घर खायला उठायचं. एका दुपारी गळ उचलला आणि गेलो, धरणाच्या भिंतीच्या कोपऱ्यात ऊन येतं तिथं बसलो. उन्हासाठी हं, माशासाठी नाही! आणि गळ टाकतोय न टाकतोय तोच बूच गडप! पुन्हा टाकला, पुन्हा गडप! दगडी भिंत उन्हानं तापलेली, लगतचं पाणी कोमट, आणि अख्ख्या धरणातला मासा त्या कोपऱ्यात गोळा झालेला, माझ्यासारखाच ऊन खायला!

मग मी काय केलं? धर्म पाळला. मेहुण्याचा फोन, "भाऊजी, काय म्हणतंय धरण?" म्हटलं, पाणी गार आहे, मासा खाली बसलाय. दाढ दाखवायला गेलो तर डॉक्टर तोंडात आरसा घालून विचारतोय, "काही लागतंय का? आ करा, मोठा आ!" मी तसाच आ वासून, "आणी आर आए, आआ आली अअलाय!" आणि वॉचमन! गेटवर फळा आहे, त्यावर माशांची परिस्थिती लिहायची असते, लोकांच्या सोयीसाठी. ती त्याला कशी कळणार? आतून बाहेर पडेल त्याला विचारतो. आणि थंडीत आतून बाहेर पडतो कोण? मी! "काय लिहू काका?" काय लिहिणार बाबा… पाणी गार आहे, मासा खाली बसलाय. लिहिलं त्यानं, खडूनं, ठसठशीत!

आता गंमत बघा. इतकी वर्षं मी खोटं बोललो, एकानं कधी विश्वास ठेवला नाही. मी "छे" म्हटलं की दोघं माझ्या जागेकडे पळायचे. आणि या वेळी ठेवला! दोघांनी! पहिल्यांदाच! मेहुणा म्हणाला, "मग आता उन्हाळ्यातच भेटू." डॉक्टर म्हणाला, "हो, उगाच सर्दी व्हायची."

झालं. कोपऱ्यात मी आणि मासे. बूच बुडतं, मासा येतो, मी घाईघाईनं पिशवीत कोंबतो आणि मागे वळून बघतो, कुणी पाहिलं तर नाही? कोण बघणार? भिंत? अहो, मासा लपवायचा म्हटला तरी ज्याच्यापासून लपवायचा तो माणूस लागतो की नाही? डबा उघडतो, दोन घास खातो, झाकण लावतो. एकटं वाटतं हो. फार एकटं वाटतं.

शेवटी धर्म गुंडाळून ठेवला आणि मेहुण्याला फोन केला. "अरे ये, लागतायत! भिंतीच्या कोपऱ्यात! जागासुद्धा सांगतोय बघ!" तर म्हणतो, "भाऊजी, तुम्ही आपणहून जागा सांगताय? म्हणजे नक्कीच काही लागत नाही." फोटो पाठवला, हातात मासा धरून. तर म्हणे, "हा गेल्या वर्षीचा. हाच स्वेटर होता." अरे, तुझ्या बहिणीनं विणलाय तो, दुसरा कुठून आणू आता? मग म्हटलं, उलटं करून बघू. "येऊ नका, काही लागत नाही!" तर म्हणे, "तेच तर आम्ही म्हणतोय! फळ्यावरसुद्धा तसंच आहे, आम्ही वॉचमनला विचारलं." काय डोकं फोडू?

म्हणून काल ठरवलं, फळाच बदलायचा. आणि काल लागलेला मासा कसा, तर हाताएवढा! पिशवीत मावेना, शेपूट बाहेर! म्हटलं, हाच वॉचमनला दाखवायचा, त्याच्याकडून लिहून घ्यायचं आणि फळ्याचा फोटो मेहुण्याला पाठवायचा. ताडताड गेटवर आलो. तर तिथं एक नवीनच माणूस. सायकलला गळ बांधलेला, माझ्याच वयाचा, एकटा. टोपलीत थर्मास, आणि थर्मासला दोन पेले. दोन! मला म्हणाला, "काय साहेब, काही लागतंय का आत?"

तुम्हाला सांगतो, मला बोलायचं होतं. चला, मी दाखवतो, एवढंच म्हणायचं होतं. पण या तोंडाला काय म्हणावं! हातानं शेपूट आत दाबलं आणि तोंड म्हणालं, "छे हो. पाणी गार आहे, मासा खाली बसलाय."

"बरं झालं सांगितलंत," म्हणाला बिचारा आणि सायकल वळवली. पेले खुळखुळत गेले उतारापर्यंत. आणि वॉचमननं फळ्यावरची अक्षरं पुसट झाली होती ती पुन्हा गिरवली.

असो. तुमचा रविवार मोकळा असतो का हो? मग या की धरणावर. भिंतीच्या कोपऱ्यात ऊन छान असतं, डबा दोघांना पुरेल एवढा आणतो मी… मासे? छे, छे! माशांचं काही मनात आणू नका. पाणी गार आहे, मासा खाली बसलाय.