तोडकर सरांच्या मुली

सरांच्या घरची मंडळी, गावकरी, आणि मागे दाराशी उभ्या असलेल्या मुलींनो. आधी खाली बसा. उभं राहून ऐकणाऱ्यांवर सर चिडायचे. पाय मोकळे ठेवा म्हणायचे.

मी कॉलेजात मराठी शिकवते, म्हणून माझ्याकडे शब्द असतील असं तुम्हाला वाटलं. आज ते नाहीत. जे झालं तेवढं सांगते.

शुक्रवारी तोडकर सर गेले. हृदयाचा झटका. मैदान नसलेल्या कॉलेजात ते क्रीडाशिक्षक म्हणून आले होते. प्राचार्यांनी विचारलं, मुलांना पळवणार कुठं? सर म्हणाले, रस्ता हाय की. आणि आधी मुली पळतील.

म्हणून आम्ही त्यांच्या पहिल्या मुली तेलगाव रस्त्यावर पळालो. पहाटे. मागून सर सायकलवर. पानटपरीवरून कुणीतरी ओरडलं, "सर, म्हशी सुटल्या काय?" सर म्हणाले, "सुटल्या. तू धरून दाखव."

विद्यापीठाच्या पहिल्या शर्यतीत आमची गंगू सगळ्यांच्या पुढे होती. मागे पावलं वाजली आणि ती कडेला सरकली. रस्त्याची सवय. मागून काही आलं की आपण बाजूला व्हायचं. एक पुढे गेली. दुसरी गेली. सर कुंपणाबाहेरून ओरडले, "अगं, मागून येस्टी न्हाई येत! सरकतीस कावून?"

पुढच्या वर्षी गंगू पहिली आली. आज ती पोलिसात आहे. ती बघा, बसली आहे. हस गंगू. सरांना चालेल.

मग सांघिक ढाल आपल्याकडे आली. आली ती राहिली. निकालाचा फोन एसटीडी बूथवर यायचा. बूथवाले भाऊ तो खडूने बाहेरच्या फळ्यावर लिहायचे. हसणारेच वाचायला थांबायचे. पोलिओच्या डोसाच्या दिवशी दवाखान्याची जीप वस्त्यांपर्यंत पोचत नसे. सरांनी मुली पाठवल्या. त्या वस्तीवस्तीवर पळत गेल्या आणि लेकरांसकट आयांना घेऊन आल्या. त्यानंतर या पळण्याचा उपयोग काय, असं कुणी विचारलं नाही.

हे मी कौतुकासाठी सांगत नाही. एका माणसाला सांगते आहे.

महादेवअप्पा, तुम्हाला. इथं सगळ्यांसमोर बोलते, कारण काल दुकानात तुम्ही साखर तोलत राहिलात, माझ्याकडे बघितलं नाहीत. अप्पांची सुवर्णा विद्यापीठाच्या संघात निवडली गेली आहे. दुसऱ्या राज्यांतल्या विद्यापीठांशी पळणारी ती आपली पहिली मुलगी. आज ती मुलींबरोबर नाही. अप्पांच्या शेजारी बसली आहे. अप्पा मला म्हणाले, "म्याडम, सर होते म्हून पाठवीत होतो. आता कुणाच्या भरवशावर?"

मी म्हटलं, माझ्या.

"तुमी कविता शिकवता."

शिकवते. पण त्याआधी मी याच रस्त्यावर पळाले, अप्पा. तुमच्या दुकानासमोरून. तुम्ही फळ्या उघडत असायचात.

भरवसा एकट्या सरांचा होता का? पहाटे नळावर हंडे भरणाऱ्या बायका आमच्यावर नजर ठेवायच्या. एखादी मागे राहिली तर विचारायच्या, "ती ठेंगणी कुटं गेली गं?" पानटपरीवाला नंतर नंतर ट्रकवाल्यांना हात करून थांबवायचा. एका मुलीचा पाय मुरगळला तेव्हा बूथवाल्या भाऊंनी तिला स्कूटरवरून घरी सोडलं. सरांनी हा भरवसा स्वतःच्या खिशात ठेवला नाही. गावभर वाटून ठेवला. सर गेले. गाव इथं बसलं आहे. मागे वळून बघा अप्पा.

सुवर्णाची गाडी मंगळवारी आहे. मी बरोबर जाणार आहे. गंगूने रजा काढली आहे. तोवर उद्यापासून रोज सराव आहे, नेहमीच्या वेळी. सरांच्या नावाने काय उभारायचं ते आपण नंतर ठरवू.

आता सगळ्यांनी उठावं. घोषणा नकोत. मुलींनो, पुढे या. एका ओळीत.

सुवर्णा, तूही.

अप्पा, बसूनच आहात तर पाय जरा आत घ्या. तिला येऊ द्या.

मी थांबते.

ये, सुवर्णा. अशी इथं उभी राहा.

सर, नमस्कार. आता कुणी बोलू नका.