तळ्यापाशी बोलायचं नाही

(फोनवर. ताई घरी पलंगावर, डाव्या कुशीवर. तिची धाकटी बहीण टिल्लू बाहेर रस्त्यावर. उन्हं कलली आहेत.)

टिल्लू : अगं पण पाटीवर ‘गुलमोहर रस्ता’ लिहिलंय, आणि खाली सगळा निळा सडा पडलाय. मी चुकले का?

ताई : नाही गं, बरोबर आहेस. लाल गुलमोहर पुढच्या गल्लीत. त्या गल्लीचं नाव नीलमोहर रस्ता.

टिल्लू : म्हणजे पाट्या उलट्या लावल्या?

ताई : पाट्या नीट लागल्या, झाडं उलटी लागली. लहानपणी दोघांची पानं इतकी सारखी दिसतात, की रोपं गाडीतून उतरवताना माळ्यांनी घोळ घातला. फुलं येईपर्यंत कुणाला पत्ताच नाही. तोवर लोकांच्या पत्त्यात ती नावं पक्की झालेली. इथं हसतात सगळे. रविवारी माझ्याऐवजी लोकांना फिरवशील तेव्हा हे सांगितलंस की जरा थांब, हसू देत त्यांना.

टिल्लू : आणि नाही हसले तर?

ताई : हसतात. माझं कधी फुकट गेलेलं नाही.

टिल्लू : तुझं सोड. तू गाइड. मी दिवसभर बुटांच्या दुकानात. ‘पुढं बोटांना जागा आहे ना? टाच चावत नाही ना?’ याच्यापलीकडं मला भाषण येत नाही. आणि तू मला अख्खं उपनगर दाखवायला लावतेयस.

ताई : मी उठू शकले असते तर तुझ्या पाया पडले असते का?

टिल्लू : कधी पडलीस? नुसता हुकूम सोडलास. बरं बरं, रागावू नकोस. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? रागावायचं नाही, उठायचं नाही, डाव्या कुशीवर पडून राहायचं. पडलीयेस ना?

ताई : पडलेय. भिंतीकडं बघून बघून आता भिंत माझ्याकडं बघायला लागलीय. तू चाल.

टिल्लू : चालतेय. रस्ता वळला. आणि हा परत वळला. अगं, हा रस्ता आहे का पिऊन पडलेला माणूस?

ताई : तिथंच थांब. इतिहास तिथं सांगायचा.

टिल्लू : सांग.

ताई : एक साबणवाला होता. मोठा कारखाना. त्याच्या भट्टीला जळण हवं म्हणून त्यानं इथलं सगळं रान तोडून नेलं. म्हातारपणी लागला खोकला. वैद्य म्हणाले, झाडांत जाऊन राहा. आणि जवळपास एक झाड शिल्लक नव्हतं.

टिल्लू : बरं झालं मेल्याचं!

ताई : लोकही असंच म्हणतात. पुढं ऐक. मग तो झाडं लावत सुटला. जो कुणी रोप लावील आणि जगवील, त्याला घराला जागा मिळणार. त्यामुळं इथं झाडं आधी आली, घरं मागून आली आणि रस्ते सगळ्यात शेवटी. झाड आलं की रस्ता बाजूला सरकला. म्हणून ही वळणं.

टिल्लू : आणि साबणवाला? बसला का सावलीत?

ताई : नाही बसला. झाडं गुडघ्याएवढी होती तेव्हाच गेला. हे सांगितलंस की लगेच चालायला लाग, नाहीतर लोक उदास होतात.

टिल्लू : मी झाले की! चल, चालते. हे काय, काचेचं घर? त्याच्या डोक्यावर काचेची टोपी.

ताई : काचघर. आत ताडाचं झाड आहे. छताला टेकलं तेव्हा सभा भरली, झाड कापायचं का म्हणून. खूप भांडणं झाली. शेवटी छत उंच केलं. परत टेकलं, परत उंच केलं. ती टोपी म्हणतेयस ना, ती त्याची.

टिल्लू : लाडावलंय बाई झाड. आत जाऊ?

ताई : रविवारी जा. आत गेल्यावर लोकांना वर बघायला सांग. सगळ्यांची तोंडं उघडी पडतात. मला ते फार आवडतं बघायला.

टिल्लू : ताई, आवाज का असा झाला तुझा?

ताई : कसा झाला? काही नाही. बेकरी आली का?

टिल्लू : वास आला. बेकरी मागून येतेय. पायरीवर एक माणूस पिठाचे हात घेऊन बसलाय. मला बघून हात केला त्यानं. ओळख ना पाळख!

ताई : माझ्यासारखी चालतेस तू, म्हणून केला असेल. त्याच्या मागच्या अंगणात अंधार पडायच्या सुमाराला कोल्हा येतो.

टिल्लू : कोल्हा? खरा?

ताई : खरा. करपलेले पाव खायला. बेकरीवाला मुद्दाम चार करपवतो, पण विचारलंस तर कबूल करणार नाही. लोकांना कुंपणाच्या अलीकडंच थांबव.

टिल्लू : मी तर रस्त्याच्या पलीकडं थांबणार आहे. हा मनोरा कसला गं? उंच, दगडी.

ताई : पाण्याची टाकी. पूर्वी आगगाडी इथं फक्त पाणी भरायला थांबायची. उतरायचं कुणी नाही. मग झाडं मोठी झाली तशी माणसं खिडकीतून बघून उतरायला लागली. आता त्या टाकीत घुबडं राहतात. पांढऱ्या तोंडाची. अजून निघाली नसतील.

टिल्लू : नको निघू देत. आई गं, किती शांत आहे इथं. माझ्याच चपलांचा आवाज येतोय मला. तू इथं एकटीनं हिंडायचीस?

ताई : एकटीनं कसली? ही सगळी असतात की. घरी आले की तुझ्या भावोजींना सांगायचे, आज खंड्या दिसला, आज बगळ्यांनी नवीन झाड धरलं. ते म्हणायचे, तू रोज लग्नाला जाऊन आल्यासारखी येतेस.

टिल्लू : भावोजी कधी येतायत?

ताई : ड्यूटी संपली की. तळं दिसलं?

टिल्लू : दिसलं. अगं बाई... किती सुंदर. पाणी गुलाबी झालंय. होडीवाला होडी बांधतोय. आणि समोरच्या झाडाला काळ्या पिशव्या टांगल्यात.

ताई : त्या पिशव्या नाहीत.

टिल्लू : नाही ना? मला वाटलंच. वटवाघळं! ताई, एवढी? मी चालले घरी.

ताई : थांब, काही करत नाहीत. आता निघतील एकेक करून. आणि टिल्लू, इथं गाइडनं बोलायचं नाही. तळ्यापाशी बोलायचं नाही, हा माझा नियम आहे. लोकांना सांगायचं, नुसतं उभं राहा. मग त्यांना पंखांचा आवाज येतो.

टिल्लू : बरं. नाही बोलत.

ताई : ...

टिल्लू : ...

ताई : टिल्लू, बोल.

टिल्लू : अगं, तूच म्हणालीस ना, बोलायचं नाही?

ताई : माझा नियम गेला खड्ड्यात. बोल तू काहीतरी. मला शांतता सहन होत नाही.

टिल्लू : काय झालं? दुखतंय का? मी येते.

ताई : दुखत नाहीये. तेच तर. काहीच होत नाहीये. शांत झालं की मी पोटाकडं कान लावून बसते, आणि आतून काही येत नाही. पाचवा महिना सरला. सगळ्या बायका सांगतात, चौथ्यातच कळलं, पाचव्यात तर लाथा मारत होता.

टिल्लू : अगं, बाळाची वार पुढच्या बाजूला आहे म्हणून तुला उशिरा कळेल, असं सांगितलंय ना डॉक्टरीणबाईंनी? परवा ठोके ऐकलेस की तू.

ताई : ते मशीनला ऐकू आले. मला नाही. मागच्या वेळीही पोट होतं, मळमळ होती, आंबट खावंसं वाटत होतं. सगळं होतं, आणि आत कुणीच उरलं नव्हतं. मी त्याच्याशी बोलत होते गं, येताजाता. कुणी नसताना बोलत होते. या वेळी एक अक्षर बोललेले नाही.

टिल्लू : एकदाही नाही?

ताई : भीती वाटते. बोलले आणि परत कुणी नसलं तर?

टिल्लू : बरं, तू नको बोलूस. स्पीकर लाव.

ताई : कशाला?

टिल्लू : लाव म्हणते ना. आणि फोन पोटाला टेकवून ठेव. मला तुझ्याशी बोलायचं नाहीये. कुणी नसलं तर मी वेडी ठरेन, तू नाही. मला सवय आहे.

ताई : टिल्लू, नको गं.

टिल्लू : ठेवलास?

ताई : ...ठेवला.

टिल्लू : नमस्कार पाहुणे. मी तुमची मावशी, आजची गाइड. आपण आत्ता तळ्यापाशी आलोय. इथं न बोलायचा नियम आहे, पण तो तुमच्या आईचा. तुमच्या मावशीला नियम पाळता येत नाहीत, शाळेतही येत नव्हते. तर बघा, पहिलं वटवाघूळ सुटलं. दुसरं सुटलं. बाई गं, माझ्या डोक्यावरून गेलं! मी ओरडले नाही हं, नोंद घ्या. आता खूप निघालीत. पाण्यावर सगळ्यांच्या सावल्या पळतायत. एक बगळा एका पायावर उभा राहून माझ्याकडं बघतोय, ही कोण नवीन म्हणून. तुम्ही आलात ना, की तुम्हालाही असाच बघणार तो. घाबरायचं नाही. घाबरायचं काम माझं. तुम्ही फक्त यायचं. घाई नाही, सावकाश या, पण या हं राजा. इथं सगळे... ताई? ऐकतेयस ना?

ताई : ...

टिल्लू : ताई!

ताई : हळू बोल.

टिल्लू : काय झालं? पळत येऊ?

ताई : नको, नको. हलू नकोस. आत्ता... आतून कुणीतरी टिचकी मारली.

टिल्लू : खरं सांग.

ताई : थांब... परत. परत मारली, टिल्लू! फोन हलला बघ.

टिल्लू : मी रडतेय. होडीवाला माझ्याकडं बघतोय आणि मी भोकाड पसरलंय.

ताई : रड तू. पण गप्प बसू नकोस.

टिल्लू : आता काय बोलू? काही सुचत नाहीये मला.

ताई : काहीही बोल. आम्ही ऐकतोय.